तळ्यावर स्वस्थ बसणे

आधी गुडघ्यांवर बसा, उभं राहायची घाई करू नका, असं तळ्यावर तरंगत्या फळ्या भाड्याने देणारी बाई सांगत होती, तोवर ड्रायव्हर फळीवर उभा राहिलाही होता आणि पाण्यात पडलाही होता. पाणी थंडगार होतं. लाइफ जॅकेटमुळे तो लगेच वर आला, फळीला लोंबकळला आणि म्हणाला, “काही झालं नाही.” त्याला कोणी विचारलंच नव्हतं. बायको तिच्या फळीवर केव्हाच मांडी घालून बसली होती आणि हळूहळू वल्हं मारत आत चालली होती.

उभी हयात त्याने रुग्णवाहिका चालवली. अशा माणसाला रिकामं बसणं कसं जमणार? कोणाकडे जेवायला गेला तरी गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायचा आणि शेवटचा घास उभ्यानेच खायचा. सिनेमा त्याने शेवटपर्यंत कधी पाहिला नाही. बायको म्हणायची, हे झोपतातसुद्धा चप्पल हाताशी ठेवून. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कधी कुठे फिरायला नेलं नाहीत, असं तिने एकदाही म्हटलं नाही, आणि न म्हटलेलं ऐकू येण्याइतकी उसंत असलेला माणूस हा नव्हता.

मग तिला काचबिंदू निघाला, तोही उशिरा. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस राहील ते पाहू, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडेचं सगळं मिटत आलं होतं, समोर बशीएवढं जग उरलं होतं. दवाखान्यातून परतताना ती गाडीत म्हणाली, “मला पाणमांजरं बघायचीत. टीव्हीवरची नको, खरी. दिसतंय तोवर.”

पाणमांजरंच का, हे त्याला कळलं नाही. पण चार ठिकाणी विचारून त्याने हे डोंगरातलं तळं शोधून काढलं, रजा टाकली आणि तिला घेऊन आला.

तळ्याभोवती गच्च रान होतं. पलीकडच्या कोपऱ्यात एक मोठं झाड पाण्यात आडवं झालं होतं, तिथे सकाळी पाणमांजरं येतात, असं बाईने सांगितलं होतं. अट एकच होती. आवाज करायचा नाही, पाणी उडवायचं नाही, पडून राहायचं.

बायको त्या कोपऱ्यात गेली. ड्रायव्हरची मात्र चुळबुळ चालली होती. त्याने काठावर येऊन बाईला विचारलं, तळं किती खोल आहे, इथून दवाखाना किती लांब, रस्ता गाडी जाईल एवढा आहे का. प्लास्टिकच्या पिशवीतला फोन काढून पाहिला, रेंज नव्हती. एक खंड्या त्याच्या पुढ्यातून निळी रेघ मारून गेला, लाकडावर एक कासव ऊन खात होतं. त्याने दोन्ही पाहिलं आणि पुन्हा फोन काढला. त्याची फळी जवळ येऊ लागली तशी बायकोने मागे न बघता हात हलवून त्याला लांबच राहायला सांगितलं. तो काठच्या वेताच्या बेटाजवळ थांबला.

थोड्या वेळाने त्याने मान वर केली. बायको फळीवर पालथी पडली होती. डोकं कडेला आलेलं, एक हात पाण्यात लोंबत होता. ती हलत नव्हती. असं पडलेलं माणूस त्याने जन्मभर उचललं होतं. त्याने हाक मारली. तिने ओ दिली नाही. मग त्याने वल्हं सपासप मारलं, फळी कलंडली, तो पाण्यात पडला आणि ओरडत, हात मारत तिच्याकडे निघाला.

आडव्या झाडापाशी दोन-तीन काळी डोकी दिसली आणि बुडाली.

बायको उठून बसली. ड्रायव्हर तिच्या फळीला धरून धापा टाकत होता.

“आत्ता कुठे काहीतरी हललेलं दिसलं होतं,” ती म्हणाली. “नजर लावत होते.”

“हाक मारली, तू ओ का नाही दिलीस?”

“ओ दिली असती तर ती राहिली असती का?”

उद्या पुन्हा येऊ, असं तो म्हणाला. रजा वाढवतो, नाहीतर पुढच्या महिन्यात येऊ.

“पुढच्या महिन्यात काय दिसणारे मला?” ती म्हणाली आणि रडू लागली. तिला राग आला होता आणि तो लपवायची तिची इच्छा नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने आपली फळी ओढून आणली, दोरीने तिच्या फळीला बांधली आणि वर चढून बसला. मग तो हललाच नाही. ओल्या कपड्यांनी अंगाला खाज सुटली, पायाला मुंग्या आल्या, काठावरून बाईने वेळ संपल्याची खूण केली. तो ढिम्म बसून राहिला.

पाणमांजरं आली ती डाव्या बाजूने. “डावीकडे,” तो पुटपुटला. बायकोने मान फिरवली, तोवर ती झाडामागून उजवीकडे निघाली होती. “आता उजवीकडे.” तिच्या बशीएवढ्या जगात नुसतं पाणी आलं.

“राहू द्या,” ती हळूच म्हणाली. “मी वळेपर्यंत ती जातात. तुम्हीच सांगा.”

काय दिसतं ते सांगायची त्याला एकच रीत माहीत होती, गाडीतून दवाखान्याला कळवायची. “मोठं एक,” त्याने सुरुवात केली. “लहान दोन. शुद्धीवर आहेत.”

ती हसली. “रंग?”

“ओल्या मातीचा. पोट जरा फिकं. मिशांवर पाणी आहे. मोठ्याने मासा धरलाय, दोन्ही हातांत. पोरं बिस्किट खातात ना, तसं खातंय. एक पिल्लू मागतंय, ते देत नाही.”

तिने डोळे मिटून घेतले. तो सांगत होता, अडखळत, एकेक शब्द शोधत. मग मोठ्या पाणमांजराने सूर मारला, पिल्लं त्याच्यामागे गेली, बुडबुड्यांची एक रांग वेताकडे सरकली आणि विरली.

“आहेत अजून?” तिने विचारलं.

ड्रायव्हरने सपाट पाण्याकडे पाहिलं.

“आहेत,” तो म्हणाला. “आता लाकडावर चढलीत. अंग झाडतायत.”

“आणि पिल्लं?”

“एक झोपलंय,” तो म्हणाला. “दुसरं त्याच्या अंगावर चढतंय.”

ऊन त्यांच्या पाठीवर आलं तरी तो सांगतच होता.