आचाऱ्याचा आचार्य झाला

"बसवून दिलं म्हणजे झालं नाही हं, मावशी. तिसऱ्या दिवशी परत जायचं. पहिल्या दिवशी लोक भिडेखातर गप्प बसतात, दुसऱ्या दिवशी खटपट करतात आणि तिसऱ्या दिवशी जुन्याकडे वळतात. त्या तिसऱ्या दिवशी आपण तिथे असायला हवं."

मेघनाने कालिंदीबाईंना हे सांगितलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा परळच्या एका शाळेच्या वर्गात दर रविवारी एकोणीस जण जमायचे. पत्रं लिहायची, तक्ते करायचे ते ऑफिसचं सॉफ्टवेअर, पण कुणीही घ्यावं आणि कुणीही सुधारावं असं मोकळं. ते मराठीत आणायचं आणि वाचनालयांत, महिला मंडळांत, छोट्या कचेऱ्यांत पोचवायचं, असं सगळ्यांनी मनावर घेतलं होतं. आता मेघना हैदराबादला, विकत मिळणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होती. दिवाळीला न चुकता फोन करायची. एकोणिसातले तीन उरले होते, आणि त्यातल्या दोघांना सतत काही ना काही काम निघायचं.

उरल्या कालिंदीबाई. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत टाइपरायटर बडवलेल्या, आता लालबागच्या दोन खोल्यांत एकट्या. पहाटे उठायचं, पूजा, स्तोत्र, तुळशीला पाणी, आणि मग चहाच्या आधी कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरची दहा वाक्यं मराठीत करायची. दहा म्हणजे दहा. नवऱ्याच्या आजारपणातही तो नेम मोडला नव्हता. देवाच्या कामात आणि या कामात त्यांनी फार फरक ठेवला नव्हता. दोन्हीकडे कुणी बघत असतं की नाही याची खात्री नसते, आपण करत राहायचं.

तरी तिसरा दिवस चुकला.

घोडपदेवच्या वाचनालयात मंगळवारी नवं सॉफ्टवेअर बसलं. बसवलं राजेशने. त्याचं परळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि या कामातला तो त्यांचा एकुलता एक धंदेवाईक भागीदार: सॉफ्टवेअर फुकट, बसवण्याचे आणि देखभालीचे पैसे त्याचे. गुरुवारी कालिंदीबाईंचा उपास, त्यात गुडघा धरलेला. उद्या येते, असं त्यांनी वाचनालयात कळवलं. उद्याचे बारा दिवस झाले आणि राजेशचा फोन आला.

"ताई, लफडा झालाय. तुम्ही या."

वाचनालय म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली तीन कॉम्प्युटर. कोपऱ्यातल्या खुर्चीत कोंडीरामदादा बसले होते, वय शहात्तर, डोळ्यावर काळा चष्मा. आठवड्यापूर्वी मोतीबिंदू काढलेला.

"जयभीम, दादा."

"जयभीम, बाई. या. आमच्या आचाऱ्याला बढती दिलीत, त्याचे पेढे कधी?"

कालिंदीबाईंना काही कळेना. राजेशने पडद्याकडे बोट केलं.

झालं होतं ते असं. गिरणी सुटल्यावर कोंडीरामदादांनी चार वर्षं दोन बोटांनी टाइप करून चाळीच्या विहाराची हकिकत लिहिली होती. एकशे बारा पानं. कागदावर एक ओळ नाही, सगळं या कॉम्प्युटरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टात. राजेशने सगळं पुसून नवं बसवलं, त्यात तो फॉन्टही गेला. फाइल वाचवली होती, पण उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा भुसा. मग त्याने मूळ प्रत न ठेवता त्याच फाइलवर जुनी अक्षरं नव्या लिपीत आणणारा प्रोग्राम चालवला. मराठी परत आलं. फक्त 'पायऱ्या', 'दुसऱ्या' यांतला आपला आडवा अर्धा र तेवढा आला नाही. जिथे तिथे त्याच्या जागी अक्षराच्या डोक्यावर रफार बसला.

"हे बघा," राजेश वाचू लागला, "'विहाराच्या पायाभरणीला आचार्यांनी शंभर माणसांची डाळ शिजवली.'"

"आचारी होता आमचा शिवा," कोंडीरामदादा म्हणाले. "दारू प्यायचा, पण डाळ अशी करायचा की बोटं चाटत बसावं. मेल्यावर आचार्य झाला. पुढचं वाच रे."

"'जेवण होईपर्यंत आम्ही तरुण पोरं लाकडाच्या भार्यांवर बसून होतो.'"

"लाकडाच्या बायका," कोंडीरामदादा म्हणाले. "माझी असती तर म्हणाली असती, बरोबरच लिहिलंय, त्या माणसाला दुसरं काय मिळणार होतं."

राजेश हसला. कालिंदीबाई हसल्या नाहीत. त्या प्रोग्रामची अक्षरांची यादी त्यांनीच केली होती. जुन्या फॉन्टातली ही खूण म्हणजे नव्या लिपीतलं हे अक्षर, अशा दोनशे चौदा ओळी, तीन वर्षांपूर्वी, एका श्रावणात. त्यातली एक ओळ चुकली होती. कुठली, हे त्यांना न बघताही कळलं.

"माझी चूक आहे, दादा," त्या हळूच म्हणाल्या.

"ताई, सोपं आहे," राजेश म्हणाला. "सगळीकडे एकदम बदलून टाकू. एक बटण. खल्लास."

"नको. 'पायर्या', 'दुसर्या' असले शब्दच नाहीत, ते बदलतील बटणाने. पण दादा, पाली शिकवायला कुणी यायचे ना विहारात?"

"यायचे ना. आचार्य होते ते. आठ-दहा पानं आहेत त्यांच्यावर."

"बघ. बटण दाबलंस तर ते डाळ शिजवायला बसतील."

कोंडीरामदादा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "तीस तारखेला प्रेसला द्यायचंय. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात आमच्या माणसाच्या स्टॉलवर ठेवायचं. त्या दिवशी घेतात लोक पुस्तकं, बाई. एरवी कोण घेतं? आणि पुढच्या सहा डिसेंबरचा भरवसा या वयात मी कशाला देऊ?" त्यांनी चष्म्यावरून हात फिरवला. "मला डोळ्याने वाचायची बंदी आहे महिनाभर."

बाहेर आल्यावर राजेश म्हणाला, "ताई, राग नको. पण वाचनालयाची कमिटी म्हणते, हे नीट झालं नाही तर जुनंच कुठूनतरी आणून टाका, चोरीचं तर चोरीचं. ते टाकलं की अँटॉप हिलचे वाचनालयवाले पण नाही म्हणणार, ते यांच्याकडेच बघतायत. मग मी पण दुकानावरचा या कामाचा बोर्ड उतरवतो. तुमची सेवा आहे, माझं दुकान आहे. रोज रोज कोण येणार इथे?"

 कालिंदीबाई आत परत गेल्या.

"दादा, मी वाचते, तुम्ही ऐका. रोज बारा पानं. तीस तारखेच्या आत होतं. तुम्हाला सकाळ जमेल?"

"आठ वाजता खोली उघडते. नंतर पोरं अभ्यासाला बसतात, मग वाचता नाही येणार." त्यांनी काळा चष्मा बाईंकडे वळवला. "रोज याल? मागे येते म्हणालात आणि आला नाहीत."

"हो," त्या म्हणाल्या. "नाही आले. आता येईन."

घरी आल्यावर त्यांनी आधी ती ओळ शोधली. एकशे एकाहत्तरावी. दुरुस्त केली. पुढच्या कुणाचं असं होणार नाही. पण यांचं झालं ते झालंच. मेघनाला फोन करावासा वाटला, आणि मग वाटलं, काय सांगायचं? झोपताना गुडघ्याला तेल लावलं. अंग इतकं शिणलं होतं की देवापुढे हात जोडल्यावर मागायचं काय तेच सुचेना.

सकाळी एकादशी होती. पूजा झाली, स्तोत्र झालं, तुळशीला पाणी घातलं. सवयीने त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या, बटणाकडे हात गेला. घड्याळात सव्वासात. दहा वाक्यांना तास लागतो, आणि घोडपदेवपर्यंत या गुडघ्याने पाऊण तास.

हात मागे घेतला. कॉम्प्युटरवर रोजचं फडकं झाकलं. देवाकडे एकदा पाहिलं. पिशवीत चष्मा, लाल पेन्सिल आणि डब्यात भिजवलेले दाणे घातले, दाराला कडी लावली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.