चौऱ्याहत्तर किलो

शेळी तीन दिवस मान टाकून पडलेली, आणि आम्ही नवरा-बायको गोठ्याच्या दारात भांडत होतो. तेही माझ्या वजनावरून.

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "जंताचं औषध वजन करूनच पाजा. चार किलोला एक मिली. जास्त गेलं तर शेळी हातची जाईल."

आमचा धान्याचा काटा बिघडलेला. शंभराच्या खाली हलायचाच नाही. म्हणून शेळीला उचलून मी वर उभा राहिलो. एकशे सहा.

"त्यातले माझे साठ," मी म्हणालो. "शेळी शेहेचाळीस."

"साठ? लग्नातलं वजन सांगताय काय?"

"जन्मभर पोती उचलली मी. मला वजन कळत नाही?"

माझ्या कवेतली शेळी खाली ठेवून ती माझ्याशेजारी काट्यावर चढली. एकशे अठ्ठावीस.

"म्हणजे मी अडुसष्ट?" तिचा आवाज चढला.

मग तिनं पेंडीचं वीस किलोचं न फोडलेलं पोतं काट्यावर ठेवलं आणि मला खाली उतरवून, शेळीला कवेत घेऊन, त्याच्याजवळ उभी राहिली. काटा पुन्हा एकशे सहावर.

"शेळी तीच, आकडा तोच. म्हणजे तुम्ही एकटे आणि मी नि हे पोतं, सारखेच."

"दिसतंय खरं."

"मग मघाच्या एकशे अठ्ठावीसात तुमच्या जागी मला नि पोत्याला धरा. काय झालं?"

"दोन वेळा तू, आणि एक पोतं."

"पोत्याचे वीस काढा."

"एकशे आठ."

"त्याच्या निम्मी मी. चोपन्न. वर पोत्याचे वीस, तुम्ही चौऱ्याहत्तर. एकशे सहातून ते गेले की शेळी बत्तीस. औषध आठ मिली. तुमच्या साठ किलोंपायी साडेअकरा पाजलं असतं!"

शाळेत हेच गणित मी फळ्यावरून सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं, गुणही मिळवले होते. पण तिथला एक्स कधी डोळे पांढरे करून माझ्याकडे बघत नव्हता.

आठ मिली पाजलं. दुसऱ्या दिवशी शेळी उठून बसली, तिसऱ्या दिवशी पाल्याला तोंड लावलं. संध्याकाळी डॉक्टर येऊन बघून गेले.

"वजन अगदी नेमकं काढलंत. कुणी काढलं?"

"मीच," मी म्हणालो. बायकोनं पाल्याची पेंढी हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे," मी घाईनं म्हणालो, "काट्यावर उभा मी होतो."