शेकोटीजवळची फटफटी

मी एका जुन्या फटफटीचा पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा सांगाडा आहे. मित्रांनो, मला स्वस्थ बसणं जमत नाही. माझ्या दोन नळ्यांत स्प्रिंगा आहेत आणि त्यांना आवर घालायला तेल. खड्डा आला की खाली जायचं, पुन्हा वर यायचं आणि धक्का आपल्या पोटात ठेवायचा, हाच माझा जन्म.

परदेशातल्या कारखान्यात मी घडलो, लढाईत धावलो. लढाई सरल्यावर लिलावात निघालो आणि अहेरीपलीकडच्या एका जंगलगावातल्या दवाखान्यात आलो. तिथले कंपाउंडर दादाजी मला घेऊन गाडीवाटांवरून, नाल्यांतून, सागाच्या मुळांवरून हिंडत. लोक माझं कौतुक करत. दादाजी मात्र ते आपलंच समजत.

एका उन्हाळ्यात माझं तेल गळून गेलं. चांद्याहून नवं येईना. मग दादाजींनी मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल माझ्यात ओतलं आणि गावभर मिरवले. मीही भुललो, कारण उन्हात ते झकास चाललं. हेच तेल थंडीत तुपासारखं थिजतं. म्हणून तर दादाजी हिवाळ्यात रोज ते चुलीजवळ पातळ करून मग भाजीला फोडणी देत. पण चुलीपाशी असलेली अक्कल त्यांनी माझ्यापर्यंत काही आणली नाही.

पौषातल्या एका सकाळी लांबच्या पाड्यावरचा लालसू धावत दवाखान्यात आला. त्याच्या लहानग्या लेकीला, सुकरीला घटसर्प झाला होता. गळा आवळत चालला होता. औषधाच्या काचेच्या दोनच कुप्या शिल्लक होत्या. पेटीत घातलेल्या त्या कुप्या छातीशी धरून लालसू मागे बसला.

मी खूप धडपडलो, पण हलताच येईना. आतलं तेल पार घट्ट झालं होतं. प्रत्येक धक्का थेट दादाजींच्या मनगटांत आणि लालसूच्या पेटीत जाऊ लागला. एका मुळावर आपटलो आणि काच वाजली. एक कुपी गेली.

दादाजींनी तिथेच फटफटी थांबवली. शेजारच्या खळ्यात शेकोटी होती. तिचे निखारे आणून ते माझ्या नळ्यांभोवती रचू लागले.

"पोरगी घुसमटून राह्यली, अन् तुमी फटफटी शेकून राह्यले, भाऊ?" लालसू म्हणाला.

"तेल थिजलं हाय, लालसू. तशीच दामटली त दुसरी शिशीबी जाते."

"मंग मी पेटी घेऊन पायी जातो."

"पायी जाशीन त दुपार होईन. अन् सुई कोन देईन?"

लालसू बसला, पण त्याला बसवेना. उठे, वाटेकडे बघे, पुन्हा बसे. मीही तसाच तळमळत होतो. निखारे चटके देत होते आणि मला आणखी हवे होते. अखेर आत काहीतरी सैल झालं. दादाजींनी हँडल दाबलं. मी खाली गेलो, वर आलो.

"चाल, बस," दादाजी म्हणाले.

उरलेल्या वाटेवरचे सगळे धक्के मी सोसले. कुपी शाबूत पोचली आणि सुकरीला सुई मिळाली. पुढे तिने पहिल्यांदा पेज गिळली, तेव्हा लालसू रडला.

आता दवाखान्यात जीप आली आहे. मी पडवीत उभा राहून कंटाळलोय, अंगावर गंज चढतोय. मित्रांनो, घाईच्या दिवशी आम्ही उपयोगी पडावं असं वाटत असेल, तर घाई नसताना आमच्याकडे बघा. आमच्या पोटात काय घातलंय, ते ध्यानात ठेवा.

परवा बाजाराला आलेली सुकरी माझ्या हँडलला लोंबकळली. मी करकरत खाली गेलो, वर आलो. ती खदाखदा हसली. त्या एवढ्याशा गळ्यातून इतका मोठा आवाज निघतो, हे मला माहीत नव्हतं.