घोडा एका रात्रीत परतला त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना स्प्लायसर आहे, म्हणजे तुटलेली फिल्म सांधायचं छोटंसं लोखंडी यंत्र. दोन टोकं कापायची, खरवडायची, चिकटवून दाबून धरायची, एवढंच माझं काम. सांधा पडद्यावर दिसता कामा नये, हीच माझी अब्रू.

चित्रपटगृहाच्या मशीनच्या खोलीत ऑपरेटरांनी मला वीस वर्षं तेलपाण्यावर ठेवलं. दर रविवारी सकाळी मुलांसाठी एकच कार्टूनपट लागे. राजकन्या आजारी राणीच्या औषधासाठी घोड्यावरून काचेच्या डोंगराकडे जाते. जाताना सात सूर्यास्त, येतानाही सात. चित्रकारांचा हिशेब चोख होता, हे मी छातीठोकपणे सांगतो.

एका वर्षी ऑपरेटरांची लेक चिमी तिथे स्टुलावर बसून चित्रपट बघू लागली. तिची आई दूरच्या इस्पितळात होती. परतीच्या वाटेवर सूर्य मावळला आणि राजकन्या पहिल्या धर्मशाळेत थांबली, तशी चिमी म्हणाली, "बाबा, ही थांबते कशाला? तोवर राणी गेली तर?"

खेळ संपल्यावर बाबांनी तो सूर्यास्त कापला आणि टोकं माझ्या हवाली केली. दुसऱ्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा एक सूर्यास्त कमी. सहा रविवारांत एकच रात्र उरली. परतीच्या वाटेवरचं गाणं मध्येच उडी मारायला लागलं. मला लाज वाटे, पण चिमी मात्र शांत झोपू लागली.

मालकांनी विचारलं, "खेळ हल्ली लवकर कसा सुटतो?"

"घोडा तयार झालाय, साहेब," ऑपरेटर म्हणाले.

पुढे नवी यंत्रं आली आणि मी एका पत्र्याच्या डब्यात पडलो. पात्याला गंज चढला. कोणी विचारेना, त्याचं वाईट वाटलं.

परवा डबा उघडला तो चिमीनेच. ती आता जुने चित्रपट जतन करते. त्या कार्टूनपटाची आता आमचीच एक प्रत उरली आहे; जायला सात दिवस आणि यायला एक रात्र, म्हणून लोक त्याला हसतात. तिलाही ती चित्रकारांचीच चूक वाटत होती. डब्यात माझ्याशेजारी सहा तुकडे होते. प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात एकच ओळ होती: चिमी घाबरते म्हणून. ती बराच वेळ रडली. मग तिने माझा गंज काढला आणि सहाही सूर्यास्त माझ्याकडूनच परत जोडून घेतले.

पहिला खेळ तिने आईबाबांना दाखवला. तिसऱ्या धर्मशाळेपाशी बाबा कुरकुरले, "फारच रेंगाळते गं ही."

"रेंगाळू दे," आई म्हणाली. "मला घरी यायला चार महिने लागले होते."

मित्रांनो, गोष्टीतला रस्ता कमी भरला तर खुशाल हसा. पण कापलेले तुकडे फेकू नका, आणि आमच्यासारख्यांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या. काय सांगावं, एखाद्या दिवशी कोणाला सावकाश घरी यायचं असेल.