धुक्यातला हात

सदानंदच्या माउंटन बाइकची घंटी तुटली, तेव्हा त्यानं हँडलला आपले कीर्तनातले टाळच बांधले.

"देवानं ते तुम्हाला हॉर्न म्हणून दिलेत वाटतं?" त्याच्या बायकोनं, मृणालिनीनं, टोमणा मारला.

"अगं, त्या वाटेवर माणसं चालतात. देवाचा नाद ऐकून बाजूला होतील, बिघडलं काय?"

ती वाट आखाती किनाऱ्यावरच्या अल खोर गावाच्या पुढची, खारफुटीला खेटून गेलेली, दगडधोंड्यांची. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलेला. बांधकामावरचे लोक शुक्रवारी तिथं पाय मोकळे करायला येत, आणि सदानंद शहरातल्या अल सद्दहून गाडीवर सायकल लादून. नेपाळी असो, फिलिपिनो असो, टाळ वाजले की मुकाट कडेला सरके.

त्या शुक्रवारी सकाळी मात्र धुकं इतकं दाट, की चार हातांपुढचं दिसेना. उतारावर टाळ खणखणले. समोरचा माणूस बाजूला झालाच नाही. तो वळला आणि हात जोडून, डोळे मिटून वाटेच्या मधोमध उभा राहिला. टाळ कानावर पडले की जागीच थांबून नमस्कार करणारा, आपल्याकडचाच कोणीतरी! ब्रेक दाबेपर्यंत धडक बसली. सदानंद उडून काटेरी झुडपात पडला. धडपडत वर आला, तर वाट रिकामी. त्यानं हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही.

तेव्हापासून त्याची झोप उडाली. मेला तर नसेल ना तो? ऑफिसात, मेट्रोत, समोरची गर्दी जरा फाकली की ते जोडलेले हात दिसत. कीर्तन लावावं, तर पहिल्याच ठेक्याला अंगावर काटा येई.

मग दर शुक्रवारी तो त्या वाटेवर पायीच फिरून भेटेल त्याला विचारू लागला. अखेर रहमान नावाचा ड्रायव्हर थांबला. हिंदीत म्हणाला, "पोपटराव? आमच्याच खोलीत होता. वेल्डर. मनगट मोडलं, ठेकेदारानं तिकीट काढून दिलं, खलास. गावी आहे." त्यानंच फोन लावून दिला.

"हात कसा आहे, पोपटराव?"

"व्हईल बरा. पन सायेब, देव भेटला मला तितं! टाळ वाजवत आला, अंगाला अंग लावून गेला. समद्या गावाला सांगितलंय म्या."

सदानंद गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"देव नव्हता तो. मी होतो. सायकल माझी, टाळ माझे. तुमचा हात मी मोडला."

पलीकडं कोणीतरी भांडी घासत होतं.

"तुमी व्हय?" पोपटराव हळूच म्हणाला. "मग उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले?"

"दंडाला धरून उचललंत, पार डांबरी रस्त्यापतोर नेलंत. एक शबूद बोलला न्हाईत, आन् मला मान वर करायचं धाडस झालं न्हाई."

"पोपटराव... मी तुम्हाला शिवलोसुद्धा नाही हो. मी झुडपात पडलो होतो."

"थट्टा करू नका, सायेब," पोपटराव म्हणाला. "दंडावर बोटं उमटलीत. अजून गेली न्हाईत."