झिलूमामाचा शिनेमा

"खुनी डाक्टर न्हाई, मामा! त्यो पहिल्यापासनंच वंगाळ दिसतोय," केशर म्हणाली आणि मारुतीच्या देवळात हशा पिकला.

"मग कोण गं?" झिलूमामाने भुवया उडवल्या. "आधी च्या आण, मग सांगतो."

झिलूमामा कॅसलरॉकच्या रुळांवरचा गँगमन. महिन्यातून एकदा रेल्वेच्या पासावर बेळगावला जायचा, खुनाचा सिनेमा बघायचा आणि रविवारी दुपारी गावाला सांगायचा. सांगायची रीत मात्र कीर्तनाची. खांद्यावर उपरणे, मागे झांज घेऊन गुणा लाकूडतोड्या. गोष्टीत दिवा विझला की गुणा झांजेवर झांज हाणी आणि बायका एकमेकींना बिलगत. शेवटी मामा बोट वर करी, "ज्याच्यावर कुणाचा वहीम न्हाई, जो सगळ्यांत जास्त रडतोय, मढ्याला पहिला खांदा देतोय, त्योच!" सिनेमा कुठलाही असो, हे ठरलेलेच.

त्या माघात लाकूडतोड्यांचा मुकादम लाडू रानात गेला तो तीन दिवस परतला नाही. ओढ्याच्या कपारीत तो गुणालाच सापडला, बरगडी फुटून मेलेला. गुणाने त्याला पाठीवर घालून आणले. मागे गुणा तापाने पडला तेव्हा लाडूने त्याला आठ दिवस घरी ठेवून पेज पाजली होती. गुणा ऊर बडवून रडला. पहिला खांदाही त्याचाच.

मसणातून परतताना, देवळात नेहमी पुढे बसणारा विठ्ठल हळूच म्हणाला, "मामा, तुमच्या शिनेमात अस्संच असतंय की."

बरोबरचे चौघे थांबले, मामाच्या तोंडाकडे बघू लागले. अगदी देवळात बघत तसे. मामाला ते बघणे गोड लागले. त्याच्या भुवया आपसूक वर गेल्या.

"बसतंय खरं," तो म्हणाला.

दिवस मावळायच्या आत गुणाला आंब्याला बांधून बदडले. मामा धावला, "सोडा रे त्याला! त्यो शिनेमा हाय!"

"तुमीच म्हणालासा की, मामा," विठ्ठल म्हणाला. हातातले लाकूड थांबले नाही.

सकाळच्या लोंड्याच्या गाडीत गुणा बसला. जाताना बायको फुला हिला एवढेच म्हणाला, "झांज मामाला दे."

नवव्या दिवशी त्याच ओढ्याला गव्याने आणखी एकाला शिंगावर घेतले. तशीच बरगडी, तीच कपार. लाडूला मारणारा माणूस नव्हताच.

मामाचा पास मग बेळगावच्या थिएटरापर्यंत गेलाच नाही. लोंडा, अळणावर, धारवाड. फलाटाफलाटावर तो गुणाला हुडकत फिरला. गुणा मिळाला नाही.

वर्षाने लोकांनी फारच गळ घातली, तेव्हा मामा देवळात उभा राहिला. उपरणे सावरले, जुनाच एक सिनेमा काढला.

"खून धाकट्या भावानं केला. आता पहिल्यापासनं ऐका."

"अगं बाई! मग आता ऐकायचं काय, मामा?" केशर म्हणाली.

"कीर्तनात शेवट ठावाच असतोय न्हवं? तरी रडतीस की."

लोक एकेक करून उठले. केशरही गेली. खांबाशी फुला तेवढी राहिली. गुणाची झांज तिने अजून दिली नव्हती. पदरात बांधून आणली होती.

मामा सांगत राहिला. गोष्टीतला दिवा विझला, तिथे सवयीने थांबला.

फुलाने पदरातली झांज दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. वाजू नये म्हणून.