नळीतल्या पाण्याची चव

दयानंदनं कस्तुराकाकूसाठी नवं लुगडं आणलं होतं. ते नेसून द्राक्षाच्या बागेत खुर्चीवर बसायचं, एवढंच तिचं काम. लातूर-नांदेडहून पाहुणे येणार होते: डॉक्टर मंडळी, प्लॉटवाले, दोन-तीन क्लासवाले. बागेतच टेबलं मांडून ते वाइन चाखणार होते. चाखणं झालं की कस्तुराबाईनं कागदावर सही करायची. तेरणेकाठची तिची तीन एकर बाग पंधरा वर्षांसाठी पुतण्याच्या कंपनीला भाड्यानं. कागदात काही खोट नव्हती. खोट तो सांगायचा त्या गोष्टीत होती, आणि ती तिला चार दिवसांपूर्वीच कळली होती.

कळली हाजराबीच्या नातीकडून. हाजराबी म्हणजे द्राक्षाचे घड विरळ करणाऱ्या बायकांची मुकादम, आणि कस्तुराबाईची जन्माची मैत्रीण. तिची नात कहकशां लातूरला दयानंदच्या क्लासमध्ये डॉक्टरकीची तयारी करत होती. सुट्टीला आलेली पोर चहा पिता पिता सहज म्हणाली की, सर पहिल्या दिवशी सगळ्यांना रडवतात. भूकंपात ते दोन दिवस मातीखाली होते ना. कस्तुराकाकूंनी ठिबकची नळी दगडांतून आत सोडली, तिच्यातून पाणी पिऊन सर जगले. रस्त्यावरच्या बोर्डांवरसुद्धा आहे, सरांच्या फोटोशेजारी नळीचं चित्र.

हाजराबीनं बशी खाली ठेवली आणि कस्तुराबाईकडं पाहिलं. दोघींनी मिळून ते दगड उपसले होते. नखं गेली होती दोघींची.

दयानंद त्या पहाटे लातुरात, भाड्याच्या खोलीत झोपला होता. अकरावीच्या शिकवण्या लागल्या होत्या त्याला. गावात पोचला तिसऱ्या दिवशी. मातीखाली होती ती शिल्पा, कस्तुराबाईची लेक, अकरा वर्षांची. कस्तुराबाईच्या नवऱ्यानं, शेषेरावांनी, गावात पहिल्यांदा ठिबक आणलं होतं. त्यातली काळी नळी कस्तुराबाईनं फटीतून आत सारली आणि वरून नरसाळ्यानं पाणी सोडलं. पाणी पोचलं की शिल्पा आतून नळीला हिसका द्यायची. दुपारपर्यंत हिसके येत होते. मग आले नाहीत.

हे कस्तुराबाईनं एकदाच सांगितलं, आणि एकट्या दयानंदला. तो मांडीवर डोकं ठेवून रडत होता तेव्हा. चोरानं भांडंकुंडं चोरावं, नाहीतर डागदागिना चोरावा. याच्यात काय दिसलं त्याला, हे तिला चार दिवस कळेना. भाकरी थापताना थापा जोरात पडत होत्या, तेवढं हाजराबीला ऐकू येत होतं.

आत्ताच कान धर म्हणून हाजराबी मागं लागली होती. कस्तुराबाईनं मनाशी वेगळंच ठरवलं. लातुरात काय सांगायचं ते सांगू दे, पोट लागलंय त्याच्या पाठीशी. पण इथं, या मातीत, माझ्यासमोर तोंडातून काढलं नाही तर सही करून मोकळी होईन. काढलं तर मात्र बघीन.

पाहुणे आले. दयानंदनं कोट घातला होता. पेला दांडीला धरायचा, हलवायचा, हुंगायचा, मग घोट तोंडात फिरवायचा, हे तो वर्गात शिकवावं तसं शिकवत होता. आधी जांभूळ लागेल, म्हणे, मग लवंग, आणि सगळ्यात शेवटी भाजलेली सुपारी. एका प्लॉटवाल्याला हुरड्याची चव लागली. सगळे हसले. दयानंदनं तीही चव असते म्हणून सांगितलं.

कस्तुराबाई ऐकत होती. हे काळे, मिऱ्याएवढे मणी पहिल्या वर्षी पाहिले तेव्हा तिला लाज वाटली होती. खायच्या द्राक्षासारखे फुगावेत म्हणून हाजराबीच्या बायकांनी सवयीनं अर्धे मणी कातरून टाकले, तेव्हा कंपनीच्या माणसानं डोकं धरलं होतं. वाइनला बारीकच लागतात. तिनं ते शिकून घेतलं. पण द्राक्षात सुपारी कुठून आली, ते काही तिला कळेना.

मग दयानंदनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला. "अंधार होता," तो म्हणाला, "आणि अंधारातून एक नळी आली. पाणी आलं की मी आतून हिसका द्यायचो. काकूला कळावं म्हणून, की मी आहे."

एका डॉक्टरीणबाईनं डोळे पुसले. हिसकासुद्धा. त्यानं पोरीचा हिसकासुद्धा घेतला.

काकूंनी दोन शब्द बोलावेत, असं दयानंद म्हणाला.

"दोन न्हाई. एक इचारते," ती उठून उभी राहिली. "तुला इतक्या चवी कळतात. त्या नळीतल्या पाण्याची चव कशी होती रे?"

तो हसला. "अमृतासारखी, काकू. तसं गोड पाणी मी परत कधी प्यालो नाही."

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

"खताची होती," कस्तुराबाई म्हणाली. "आदल्या दिवशी त्याच नळीतून बागेला खत सोडलेलं. पहिल्या घोटाला शिल्पा आतून म्हणली, आई, वास येतोय, नको मला. मी म्हणलं, पी गुमान. रागं भरून म्हणलं." ती दयानंदकडं वळली. "हे तुला सांगितलं नव्हतं म्यां. तेवढं एक राहिलं माझ्यापाशी."

शिल्पा कोण, असं प्लॉटवाल्यानं हळूच विचारलं.

"चुलतबहीण याची," मागून हाजराबी म्हणाली. नात त्याच्याच हाताखाली शिकत होती, तरी म्हणाली. "हे तवा लातुरात पांघरूण घेऊन झोपलं व्हतं."

दुसरा पेला कुणी भरून घेतला नाही. कुणाला उशीर होत होता, कुणाला फोन आला. गाड्या गेल्या तेव्हा उन्हं अजून वेलींवर होती.

दयानंद परत आला तो कोट काढून. "काकू, चार लोकांत इज्जत घालवलीस. पोरं त्या गोष्टीवर जीव तोडून अभ्यास करायलेत. एकशे चाळीस डॉक्टर झाले. शिल्पाचं काय वाईट केलं मी?"

"तिला काढून तू झोपलास तिथं," कस्तुराबाई म्हणाली. "मेल्यावर तरी जागा राहू दे की तिची. तुझी गोष्ट सांग. खोलीत ढेकणं होती, डबा आंबलेला यायचा, घर पडल्याचं दोन दिवस तुला कळलं न्हाई. ते तुझं हाय. ते सांग, रडतील पोरं."

मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, आणि सहीचं काय, असं नजरेनंच विचारलं.

"बोर्डावरली नळी उतरव. मग आण."

"बावीस बोर्ड हायत, काकू. लातूरपासून पार मुदखेडपर्यंत."

"गोठ्यामागं शिडी हाय," ती नव्या लुगड्याचा पदर खोचत म्हणाली. "घेऊन जा. काम झालं की आणून दे."